हाउसिंगची फट बोल्टने ओढून घेतली, आता गाडी जागची हलत नाही

पत्र आलंय बारामतीच्या बाजूच्या एका गॅरेजवाल्याचं. पत्र मोठं होतं, थोडक्यात देतो.

«दादा नमस्कार. माझं हायवेला छोटं गॅरेज आहे, मॅन्युअल गाड्यांचं क्लच-गिअरबॉक्सचं काम मी लहानपणापासून करतोय. आता ऑटोमॅटिक गाड्या पण यायला लागल्यात. मागच्या आठवड्यात एक डिझेल एसयूव्ही आली, सिक्स-स्पीड टॉर्क कन्व्हर्टरवाली. क्रँकचं मागचं ऑइल सील गळत होतं. गिअरबॉक्स उतरवला, सील टाकलं, परत चढवताना हाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं कवच) आणि इंजिनच्या ब्लॉकमध्ये ८-१० मिलिमीटर फट राहिली, ती काही केल्या जाईना. शेवटी दोन लांब बोल्ट लावून पाळीपाळीने टाइट करत ओढून घेतलं. कन्व्हर्टरचे बोल्ट लावताना त्याचे पॅड (बोल्ट बसायच्या जागा) ड्राइव्ह प्लेटला (क्रँकला लावलेली पातळ चकती) घट्ट चिकटलेले होते, म्हटलं बरं झालं, एकदम फिट बसलंय. स्टार्टर मारला तर आधी इंजिन जड फिरलं, मग कट्ट असा आवाज आला, सुरू झालं, पण आता डी टाका नाहीतर आर टाका, गाडी हलत नाही आणि रेस केली की कण्हल्यासारखा आवाज वाढतो. पुण्याचा एक जण म्हणतो अख्खा गिअरबॉक्स गेला, बदला. व्हिडिओत कुणी सांगतं कन्व्हर्टर आणि प्लेटमध्ये ३ मिमी फट ठेवा, कुणी म्हणतं ५. नक्की किती? आणि गिऱ्हाईक रोज फोन करतंय, त्याला काय सांगू?»

भाऊ, पहिली गोष्ट, ती गाडी आता अजिबात स्टार्ट करू नका, «बघू जरा परत ट्राय करून» असं म्हणून पण नाही. बॅटरीची वायर काढून ठेवा, म्हणजे पोरं पण हात लावणार नाहीत. बाकीचं सगळं वाचून झाल्यावर काय ते ठरवा.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला ९० टक्के वाटतंय की कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) शेवटच्या टप्प्याला बसलाच नव्हता, म्हणजे गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात गेलाच नव्हता, आणि तुम्ही बोल्टने त्याला क्रँक आणि पंपाच्या मध्ये चेपला. कट्ट आवाज आला तो बहुतेक पंपाच्या गिअरचे कान तुटल्याचा. पंप फिरत नाही म्हणजे प्रेशर नाही, प्रेशर नाही म्हणजे आतले क्लच दाबले जात नाहीत, म्हणून डी पण नाही आणि आर पण नाही. उरलेले १० टक्के म्हणजे कन्व्हर्टर काढताना जे ऑइल सांडलं ते परत भरलंच नाही आणि लेव्हल कमी आहे, त्यात पण असंच कण्हणं येतं आणि गाडी हलत नाही. पण मग ते जड फिरणं आणि तो कट्ट आवाज कुठून आला, त्याचं उत्तर ऑइलच्या लेव्हलमध्ये मिळत नाही.

तुमचा हात मॅन्युअल गाड्यांवर बसलाय म्हणून ही चूक झाली असं मला वाटतं, आणि यात तुम्ही एकटे नाही. मॅन्युअलमध्ये इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या आट्यांत (स्प्लाइनच्या दातांत) जायला जरा का-कू करतो, शेवटची थोडी फट बोल्टने ओढायची सवय बऱ्याच जणांना असते, चूक ती तिथेही आहेच, पण बहुतेक वेळा निभावून जातं. ऑटोमॅटिकमध्ये निभावत नाही, कारण इथे मध्ये एक जड डबा आहे जो एका बाजूने इंजिनला बांधायचाय आणि दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सच्या तीन वेगवेगळ्या गोष्टींत अडकवायचाय.

त्या तीन गोष्टी नीट डोक्यात बसल्या की काम सोपं आहे. कन्व्हर्टरच्या नळीत डोकावून बघा, आत दोन वेगवेगळे आटे दिसतील. एक स्टेटरचे (कन्व्हर्टरच्या आतला ऑइल वळवणारा पंखा), ते गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या फिक्स नळीवर बसतात, ही नळी फिरत नाही. दुसरे अजून आत, टर्बाइनचे (ऑइलच्या जोराने फिरणारा पंखा), ते इनपुट शाफ्टवर बसतात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द ती बाहेरची नळी, म्हणजे हब, तिच्या टोकाला दोन खाचा असतात किंवा दोन बाजू सपाट केलेल्या असतात, त्या पंपाच्या आतल्या गिअरच्या दोन कानांत अडकायला हव्यात. इंजिन फिरलं की कन्व्हर्टरचा डबा फिरतो, डब्याबरोबर हब फिरतो आणि हब पंप फिरवतो, तुमच्या गाडीत गिअरबॉक्सचं प्रेशर इथूनच तयार होतं. पहिले दोन आटे बसले आणि पंपाची खाच नाही बसली, तरी कन्व्हर्टर हाताला बसल्यासारखाच वाटतो, फिरवला तर फिरतो पण, आणि नेमकी ही शेवटची पायरी बऱ्याच बॉक्समध्ये साधारण १०-१५ मिमीची असते. आता तुमची फट बघा, ८-१० मिमी. बसल्यावर जी दोन-चार मिमी मोकळीक राहायला हवी होती ती धरली तर गणित बरोब्बर शेवटच्या पायरीवर येतं.

म्हणून हाउसिंग हाताने ब्लॉकला लागलं पाहिजे, नुसतं हाताने, डॉवेल पिनवर (जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांवर) सरकत, आणि मग बोल्ट लावायचे. बोल्टचं काम धरून ठेवायचं आहे, ओढायचं नाही. फट राहिली की तिथेच थांबायचं आणि कन्व्हर्टर हाताने फिरवून बघायचा. तो अडकलेला असेल, फिरत नसेल, मागेपुढे होत नसेल तर दोष कन्व्हर्टरचा, सगळं परत मागे घ्या. तो मोकळा फिरतोय, मागेपुढे सरकतोय आणि तरी फट आहे, तर मग दुसरीकडे शोधा: वायरिंगचा गुच्छा मध्ये अडकलाय का, मधला पातळ पत्रा वाकलाय का, डॉवेल पिन गंजून हाउसिंगच्या भोकात जात नाहीये का, का गिअरबॉक्स जॅकवर तिरका धरलाय. तिरका धरलेला असणं हे सगळ्यात कॉमन, दोन पोरं घेऊन साध्या ट्रॉली जॅकवर चढवलं की एक बाजू आधी लागते आणि दुसऱ्या बाजूला फट दिसत राहते.

आता आधी खात्री करून घ्या. खालची खिडकी किंवा स्टार्टरचं भोक, जिथून कन्व्हर्टरचे बोल्ट लावले तिथूनच ते सगळे काढा. क्रँक फिरवायचा तो पुढच्या पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून, इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने. सगळे बोल्ट निघाले की कन्व्हर्टर बोटांनी गिअरबॉक्सकडे ढकला, लागलं तर हलका पेचकस लावा, पहार नको. नीट बसलेला कन्व्हर्टर थोडा मागे सरकतो आणि हाताने फिरतो. तुमचा बहुधा जागेवर घट्ट असेल, सरकणार नाही. क्वचित असं पण होतं की स्टार्टर मारल्यावर फिरताफिरता खाच कानात पडते, पण तोपर्यंत बोल्ट घट्ट होते त्यामुळे तुमच्या बाबतीत ती आशा मी धरणार नाही. सरकला किंवा नाही सरकला, गिअरबॉक्स उतरवायचाच आहे, हे मनाशी पक्कं करा.

उतरवताना कन्व्हर्टर गिअरबॉक्सबरोबर येऊ द्या, हाउसिंगला एक पट्टी आडवी बांधा म्हणजे तो घसरून पायावर पडणार नाही, ऑइल भरलेला कन्व्हर्टर चांगलाच जड असतो. खाली आल्यावर कन्व्हर्टर काढायच्या आधी एक माप घ्या, ते मी पुढे सांगतोय. मग कन्व्हर्टर काढा आणि हब बघा. खाचांच्या कडा चेपल्यात का, हबच्या टोकावर गोल घासल्याची चकाकी आहे का? कान खाचेत न पडता तोंडावर घासले की तिथे आरशासारखी रिंग दिसते, ती दिसली की विषय संपला. मग टॉर्च घेऊन पंपात बघा, दोन कान शाबूत आहेत की एखादा तुटून पडलाय ते सरळ दिसतं.

त्यानंतर गिअरबॉक्सचं चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) उतरवा आणि आतलं मॅग्नेट बघा. अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणणाऱ्या पुण्याच्या माणसाने चेंबर न उतरवता निकाल दिलाय, त्यामुळे त्याचं आत्ताच मनावर घेऊ नका. मॅग्नेटवर राखाडी पेस्टसारखा थर असतोच, जुन्या बॉक्सला तो नॉर्मल आहे. टोकदार चकत्या, तुकडे, पितळी रंगाची भुकटी दिसली तर मग चिंता. इंजिन थोडाच वेळ चाललं असेल आणि पंप फिरलाच नसेल तर तुकडे पंपाच्या आसपासच राहिलेले असतात, पुढे व्हॉल्व्ह बॉडीपर्यंत (ऑइल कुठल्या क्लचला जायचं ते ठरवणारा भाग) जाण्याएवढं ऑइल वाहिलेलंच नसतं. अशा वेळी पंप, पंपाचं बुश, पुढचं सील, गॅस्केट, फिल्टर आणि ऑइल यात काम होऊ शकतं. पण तुम्ही रेस करून पाहिलंय, कितीदा पाहिलंय ते पत्रात नाही, त्यामुळे पंप उघडल्यावर आतल्या भिंतीवर ओरखडे किती आहेत त्यावर ठरवा. बोट फिरवून नखाला लागतील असे ओरखडे असतील तर पंप पूर्ण बदला, नुसता गिअर नको. पंप उघडणं हे तुम्ही पहिल्यांदा करत असाल तर ऑटोमॅटिकचंच काम करणाऱ्या माणसाकडे फक्त बॉक्स पाठवा, त्यात कमीपणा नाही.

कन्व्हर्टरचं काय करायचं? हबची खाच किंचित जरी चेपलेली असेल तर तो परत वापरू नका. लेथवर घासून साफ करतो म्हणणारे भेटतील, पण हबची बाहेरची गोलाई पंपाच्या बुशमध्ये फिरते आणि सीलच्या ओठावर फिरते, तिथे घासाघीस केली की सहा महिन्यांत पुढचं सील गळणार आणि तुम्ही परत गिअरबॉक्स उतरवणार. शिवाय आत तुकडे गेले असतील तर कन्व्हर्टर घरी धुऊन निघत नाही, तो वेल्डिंग केलेला बंद डबा आहे, साफ करायचा म्हणजे कापून उघडावा लागतो. नवा किंवा रीबिल्ट घ्या. रीबिल्ट घेतलात तर जुन्याच्या शेजारी ठेवून एकेक गोष्ट ताडून बघा: हबचा व्यास, खाचेची खोली, पुढच्या टोकाचा व्यास, पॅडची उंची, बोल्टच्या भोकांची वर्तुळं, आतल्या दोन्ही आट्यांची दातसंख्या. रीबिल्टमध्ये डबा कापून परत वेल्ड करतात तेव्हा एकूण उंची मिमी-दोन मिमीने बदलली तरी सगळं क्लिअरन्स बिघडतं, आणि हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, व्हर्निअर लावल्याशिवाय नाहीच.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कन्व्हर्टरचे पॅड आणि ड्राइव्ह प्लेट यांच्यात फट किती. व्हिडिओतल्या दोघांपैकी चूक कुणीच नाही. ३ ते ५ मिमी हा आकडा आला कुठून तर जुन्या अमेरिकन बॉक्सवरून, जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक ३५० आणि ४०० सारख्या, तिथे सर्रास १/८ ते ३/१६ इंच सांगतात, म्हणजे मेट्रिकमध्ये साधारण ३.२ ते ४.८ मिमी. ते बॉक्स तिकडे हौशी लोक घरच्या घरी उतरवतात-चढवतात, त्यामुळे त्या आकड्याचा खूप प्रचार झालाय. तुमच्या बॉक्सचा आकडा तुमच्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायचा, आणि बऱ्याच जपानी-कोरियन बॉक्सच्या मॅन्युअलमध्ये फट दिलेलीच नसते, त्याऐवजी हाउसिंगच्या तोंडापासून कन्व्हर्टरच्या पॅडपर्यंत किती खोली हवी ते दिलेलं असतं. दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात, फक्त मोजायची जागा वेगळी.

खोली मोजायची अशी. हाउसिंगच्या तोंडावर एक सरळ स्टीलची पट्टी आडवी ठेवा, वाकडी नको, गॅरेजमधली फूटपट्टी तर नकोच. त्या पट्टीपासून कन्व्हर्टरच्या पॅडपर्यंत व्हर्निअरच्या मागच्या दांडीने खोली घ्या, पट्टीची जाडी वजा करा. तीन-चार पॅडवर घ्या, सगळीकडे जवळपास सारखी यायला हवी. मग इंजिनच्या बाजूला ब्लॉकच्या तोंडापासून ड्राइव्ह प्लेट किती बाहेर आलीये ते घ्या, मधला पत्रा असेल तर त्याच्यासकट. समजा हाउसिंगच्या बाजूला खोली २२ मिमी आली आणि प्लेट १८ मिमी बाहेर आहे, तर फट ४ मिमी. एवढं गणित बॉक्स जमिनीवर असतानाच होतं, वर चढवून बघायची गरज नाही. तुमची खोली १० मिमी कमी आली असती, म्हणजे १२, तर वजाबाकी उणे ६ आली असती आणि गिअरबॉक्स जॅकवर घ्यायच्या आधीच कळलं असतं.

ही फट हवीच कशाला, असा प्रश्न पोरं विचारतात, घट्ट बसलं तर चांगलंच ना. नाही. कन्व्हर्टरमध्ये ऑइलचं प्रेशर असतं आणि तो इंजिनच्या स्पीडने गरगरतो, त्यात गरम होतो, डबा किंचित फुगतो. मागे सरकायला जागा नसेल तर तो एकीकडे पंपावर दाब देतो आणि दुसरीकडे क्रँकला पुढे ढकलतो. क्रँकचे थ्रस्ट वॉशर एवढा कायमचा दाब सोसायला केलेले नाहीत. गाडी हजारभर किलोमीटर चालते आणि मग इंजिनच जातं, आणि तेव्हा कुणाच्या लक्षात पण येत नाही की कारण गिअरबॉक्सच्या बाजूला होतं.

म्हणूनच तुमच्या गाडीत अजून एक तपासणी सांगतो, जी बहुतेक जण विसरतात. तुम्ही बोल्ट टाइट केले तेव्हा तो दाब क्रँकवर गेलाय. बॉक्स खाली असतानाच क्रँकला डायल गेज लावा, पुढे-मागे किती हलतो ते बघा आणि मॅन्युअलच्या आकड्याशी ताडा. आणि ड्राइव्ह प्लेट काढून हातात घ्या, उजेडात धरा, बोल्टच्या भोकांभोवती आणि मधल्या वर्तुळाभोवती केसासारखी चीर दिसते का बघा. ती प्लेट पातळ असते, चेपल्यावर वाकते, वाकलेली परत लावली तर कन्व्हर्टर डगमगत फिरतो आणि हबचं बुश खातो. मला विचाराल तर मी ती प्लेट तपासत बसण्यापेक्षा नवीच टाकीन, पंपाच्या खर्चापुढे ती काहीच नाही. नवी लावताना कुठली बाजू इंजिनकडे ते नीट बघून लावा, काही प्लेट उलट्या पण बसतात आणि मग ती सगळी वजाबाकी चुकते.

फट जास्त आली तर? खूप जास्त असेल तर आधी कन्व्हर्टर किंवा प्लेट चुकीची आलीये का ते बघा. एखाद-दोन मिमीचाच प्रश्न असेल तर सगळ्या पॅडखाली एकाच जाडीचे कडक वॉशर टाकतात, सगळ्या म्हणजे सगळ्या, एकाखाली टाकला आणि दुसऱ्याखाली नाही असं नाही. फट जास्त ठेवून बोल्ट ओढले तर कन्व्हर्टर पुढे येतो आणि हबची खाच पंपाच्या कानात नुसती टोकावर अडकलेली राहते, चालते काही दिवस, मग ते कान झिजून तुटतात. फट कमी आली तर मात्र घासून, ग्राइंडर मारून जागा करायची नाही, तेव्हा कन्व्हर्टर बसलाच नाहीये किंवा पार्ट चुकलाय, तिसरं कारण सहसा नसतं.

आता बसवायची पद्धत. ज्याला जमतं त्याने बॉक्स उभा करावा, हाउसिंगचं तोंड वर, शेपटीकडची बाजू जुन्या टायरमध्ये टेकवून, फोर बाय फोरवाला असेल तर ट्रान्सफर केसला आधार देऊन. कन्व्हर्टर वरून सोडला की त्याच्याच वजनाने खाली जायला बघतो, तुम्ही फक्त दोन्ही हातांनी कडेला धरून हळूहळू पुढे-मागे फिरवायचं, दाबायचं नाही. त्याआधी दोन गोष्टी करा. पंपाचे कान कुठल्या दिशेला आहेत ते बघून हाउसिंगवर खडूने खूण करा, आणि हबच्या खाचा कुठे आहेत ते कन्व्हर्टरच्या बाहेर खडूने काढा, म्हणजे डोळे झाकून अंदाज लावत बसावं लागणार नाही, खूण खुणेसमोर आणली की शेवटची पायरी लवकर सापडते. सीलच्या ओठाला आणि हबला ऑइल लावा, कोरडं घातलं तर ओठ उलटा वळतो आणि गळती पहिल्या दिवसापासून. नवा कन्व्हर्टर असेल तर बसवायच्या आधी त्यात लिटरभर तरी तेच ऑइल ओता, कोरडा लावला की पहिल्या स्टार्टला पंप बराच वेळ हवाच ओढत राहतो.

खाली जाताना ठक, मग परत ठक असे आवाज येतात. लोक म्हणतात तीन ठक आले की बसला. मला हे पटत नाही, कधी दोन पायऱ्या एकदमच बसतात आणि ठक दोनच येतात, कधी आटे अर्धे अडकून सुटतात आणि चार येतात. ठक ऐका जरूर, पण पट्टी आणि व्हर्निअर घेऊन खोली आली का ते बघितल्याशिवाय बॉक्सला जॅक लावू नका. आणि चढवताना बॉक्स थोडा मागे कललेला ठेवा, हाउसिंगचं तोंड किंचित वर, नाहीतर रस्त्यात कन्व्हर्टर दोन-चार मिमी पुढे घसरतो आणि पंपातून परत सुटतो. बसला होता हो, असं शपथेवर सांगणाऱ्या बऱ्याच जणांचं इथेच फसतं.

चढवायच्या आधी क्रँकच्या मधलं भोक, ज्यात कन्व्हर्टरचं टोक जातं, ते बारीक एमरीने साफ करा आणि पुसून हलकं ग्रीस लावा. आपल्याकडे पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत तिथे गंज चढलेला असतो, टोक आत जात नाही आणि परत तीच फट. डॉवेल पिन दोन्ही जागेवर हव्यात, एक जरी हरवलेली असली तरी हाउसिंग केसभर सरकून बसतं, कन्व्हर्टर मध्यावर फिरत नाही आणि पुढचं सील दर काही महिन्यांनी गळत राहतं. सील तीनदा बदलून पण गळतंय अशी गाडी तुमच्याकडे आली तर आधी डॉवेल मोजा.

हाउसिंगचे बोल्ट लागले की कन्व्हर्टर परत हाताने फिरवून, मागेपुढे करून बघा. मोकळा आहे? मग पुढे. कन्व्हर्टरचे सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा, एक पण पान्याने आवळू नका, सगळे आट्यांत गेल्याची खात्री झाली की मग टॉर्क रेंचने. बोल्ट जुनेच वापरा किंवा अगदी त्याच लांबीचे नवे घ्या. हार्डवेअरमधून दिसायला सारखा, थोडा लांब बोल्ट आणला तर तो पॅडच्या भोकातून पुढे जाऊन कन्व्हर्टरच्या पुढच्या पत्र्याला आतून फुगवटा आणतो, आणि त्याच पत्र्याच्या आतल्या बाजूवर लॉकअप क्लच (कन्व्हर्टरला थेट जोडून टाकणारा क्लच) घासतो. मग गाडी साठ-सत्तरच्या स्पीडला थरथरते, गिऱ्हाईक टायर बॅलन्स करून येतं, इंजिन माउंट बदलून येतं, आणि दोष असतो बोल्टच्या ४ मिमी जास्त लांबीत.

कूलर आणि कूलरचे पाइप उलट्या दिशेने फ्लश करा, तुकडे तिथेच लपून बसतात. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, «ऑटोमॅटिकचं आहे» एवढ्यावर घेऊ नका. तुमच्या बॉक्सला डिपस्टिक नसेल तर लेव्हल ओव्हरफ्लोच्या बुचाने, इंजिन चालू ठेवून आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला बघायची, त्यासाठी स्कॅनर लागेलच, तोच स्कॅनर शेवटी बॉक्सचं अ‍ॅडाप्टेशन रीसेट करायला पण वापरा. पहिला स्टार्ट देताना गाडी लिफ्टवर, चाकं मोकळी, पी मध्येच काही वेळ आयडलला ठेवा, मग ब्रेक दाबून आर, एन, डी असं सावकाश फिरवा. रेस नाही. शक्य असेल तर प्रेशर पोर्टला गेज लावा, सुई उठली की निम्मं टेन्शन तिथेच जातं.

गिऱ्हाइकाचं आता बोलू. खरं सांगा. बॉक्स आधीच खराब होता, तुमच्या ऑइल सीलमुळे उघडकीला आला, असलं काही सांगायचं मनात असेल तर सोडून द्या. गाडी चालत आली होती हे त्याला माहितीये, दुसऱ्या गॅरेजला नेली की तिथला माणूस तुटलेला कान बघून दोन मिनिटांत त्याला खरं काय ते सांगेल, आणि तालुक्याच्या गावात ही बातमी किती वेळात फिरते ते तुम्हाला मी सांगायला नको. सरळ म्हणा की बसवताना आमच्याकडून पंप गेला, पंप आणि त्यातनं जे जे निघालं त्याचा खर्च आमचा, सीलची मजुरी पण घेत नाही, इतके दिवस लागतील. तुटलेले पार्ट ट्रेमध्ये ठेवून दाखवा. एकच, कन्व्हर्टर रीबिल्ट टाकणार असाल तर त्याला विचारून टाका, नवा हवा असेल तर त्यातला फरक तो देईल का ते बोलून घ्या, हे आधी बोललेलं बरं असतं. आणि चेंबरमध्ये जुन्या झिजेचा माल सापडला, जळक्या वासाचं काळं ऑइल निघालं, तर ते तुमच्या खात्यातलं नाही, ते फोटो काढून वेगळं दाखवा, दोन्ही गोष्टी एकात घालू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की हे सगळं सगळ्या ऑटोमॅटिकना लागू आहे का, कारण तुमच्याकडे जास्त करून छोट्या एएमटी गाड्या येतात. एएमटीला नाही. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे ज्या एएमटी आल्या त्यात साधा मॅन्युअल बॉक्स आणि साधी क्लच प्लेटच असते, फक्त पाय आणि हाताचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक करतं, कन्व्हर्टर नाहीच. ड्युअल क्लचवाल्यात पण सहसा नसतो. सीव्हीटीवर (ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा बॉक्स) मात्र सावध, बऱ्याच सीव्हीटीच्या पुढे टॉर्क कन्व्हर्टरच असतो, तिथे वरचं सगळं तसंच लागू. गाडी आली की आधी बॉक्सचा प्रकार आणि कोड बघा, त्या कोडचं मॅन्युअल मिळवा, आणि खोलीचा आकडा खडूने हाउसिंगवर लिहूनच ठेवा. पंप उघडला की हबचा आणि पंपाच्या आतल्या भिंतीचा फोटो काढून पाठवा, कन्व्हर्टर वाचतोय का ते बघून सांगतो.